पंप, टाकी, दिवे-पंखे स्वतः ऑटोमेट करायचे आहेत: रिले, न्यूट्रल आणि सर्व्हर बंद पडला तर काय?

गच्चीची_टाकी यांचा प्रश्न

दुमजली घर, वायरिंग २००४ सालचं. जमिनीत ५००० लिटरची टाकी, गच्चीवर १००० लिटरची प्लॅस्टिकची टाकी, १ एचपीचा सिंगल फेज मोनोब्लॉक पंप. पंपाच्या भिंतीवर डीओएल (मोटार थेट लाइनवर सुरू करणारा) स्टार्टर आहे, हिरवं-लाल बटण असलेला. नळाचं पाणी एक दिवसाआड, पहाटे तासभर.

बेत असा: रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर (हाच सर्व्हर) होम असिस्टंट हे घर ऑटोमेट करणारं सॉफ्टवेअर, पंपाजवळ एक ईएसपी३२ (वायफायवाला छोटा कंट्रोलर) आणि १० अँपिअरचा रिले (विजेने चालणारा स्विच), गच्चीच्या टाकीत अल्ट्रासॉनिक (प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा) सेन्सर. पातळी कमी झाली की होम असिस्टंट पंप लावेल, भरली की बंद करेल. त्यानंतर सात स्विचबोर्ड घ्यायचे आहेत. त्यातल्या चार बोर्डांत न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) आलेलाच नाही. वायरमन म्हणतो, तिथे अर्थिंगची वायर न्यूट्रल म्हणून लावू. पंखे पाच, त्यातले दोन बीएलडीसी (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेले, कमी वीज खाणारे). घरात इन्व्हर्टर आहे.

विचारायचं आहे ते हे: १) पंप चालताना साधारण ६ अँपिअर घेतो, मग १० अँपिअरचा रिले पुरेल ना? २) अर्थिंगचा उपाय बरोबर आहे का? ३) आई-वडील मोबाइलवरून काही करणार नाहीत. भिंतीवरची बटणं आणि स्टार्टर आज आहेत तसेच चालले पाहिजेत. ते कसं साधायचं?

---

मोटार_आणि_स्टार्टर

रिले पुरणार नाही. ६ अँपिअर हा चालू मोटारीचा आकडा. सुरू होताना मोटार त्याच्या पाच-सहा पट करंट ओढते, म्हणजे क्षणभर ३० अँपिअरच्या पुढे. निळ्या डबीच्या रिलेवरचे १० अँपिअर हे बल्ब-हीटरसारख्या लोडसाठी असतात. मोटारीवर त्याचे काँटॅक्ट काही आठवड्यांत चिकटतात, आणि चिकटलेला रिले ‘बंद’ म्हटलं तरी बंद होत नाही. ॲपमध्ये पंप बंद दिसतो आणि गच्चीवरून पाणी वाहत असतं.

तुमच्याकडे डीओएल स्टार्टर आहे, म्हणजे मोठा काँटॅक्टर (कॉइलने ओढला जाणारा दणकट स्विच) आणि ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटार बंद करणारा) आधीच बसवलेले आहेत. पंपाचा करंट त्यातूनच जाऊ द्या. ईएसपीच्या रिलेने फक्त काँटॅक्टरच्या कॉइलचा मार्ग जोडायचा-तोडायचा. त्यासाठी दोन रिले लागतील.

पहिला रिले ‘स्टार्ट’. त्याचा नॉर्मली ओपन (एरवी उघडा, म्हणजे मार्ग तुटलेला) काँटॅक्ट हिरव्या बटणाला समांतर. ईएसपी तो एक सेकंद दाबून सोडेल. त्यानंतर काँटॅक्टर आपल्याच सहायक काँटॅक्टने धरून राहतो.

दुसरा रिले ‘परवानगी’. त्याचा नॉर्मली ओपन काँटॅक्ट लाल बटणाशी सिरीजमध्ये. पंप चालायचा असेल तेवढा वेळ हा रिले ओढलेला ठेवायचा. ईएसपी हँग झाला, त्याचा ॲडॅप्टर गेला, वायर तुटली, काहीही झालं तरी हा काँटॅक्ट उघडतो आणि पंप थांबतो. इथे नॉर्मली क्लोज्ड (एरवी जोडलेला) काँटॅक्ट वापरण्याचा मोह होतो, कारण मग रिले सतत ओढून ठेवावा लागत नाही. पण मग ईएसपी मेल्यावर पंप थांबवणारं कुणी उरत नाही.

या रचनेचा आणखी एक फायदा आहे. वीज गेली की काँटॅक्टर सुटतो आणि परत आल्यावर स्वतःहून लागत नाही. ईएसपी इन्व्हर्टरवर असेल आणि एकाच रिलेने कॉइल सतत धरून ठेवली असेल, तर वीज येताक्षणी पंप आपोआप सुरू होतो, खालच्या टाकीत पाणी असो वा नसो.

आई-वडिलांसाठी दोन पोझिशनचा ‘ऑटो-मॅन्युअल’ सिलेक्टर स्विच लावा. मॅन्युअलमध्ये तो परवानगी रिलेचा काँटॅक्ट बायपास करेल. मग हिरवं-लाल बटण आजच्यासारखंच चालेल, ईएसपी काढून टेबलावर ठेवला तरी.

स्टार्टर उघडलाच आहे तर ओव्हरलोड रिले बघून घ्या. तो तीन पोलचा असेल आणि फेज फक्त एका पोलमधून नेलेला असेल, तर फेज गेल्याचा समज होऊन तो विनाकारण ट्रिप होतो. सिंगल फेज मोटारीसाठी फेजची वायर तिन्ही पोलमधून एकापाठोपाठ एक फिरवून न्यायची. डायल पंपाच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरवर ठेवा, ‘सारखा ट्रिप होतो’ म्हणून वर सरकवू नका.

आता सेन्सर. अल्ट्रासॉनिकवर पंप बंद करण्याचा निर्णय सोपवू नका. जेएसएन-एसआर०४टी या वॉटरप्रूफ सेन्सरला समोरचं २० ते २५ सेंटिमीटर अंतर दिसतच नाही. पाणी त्याच्या आत आलं की आकडा भलताच येतो, आणि टाकी भरत आली की नेमकं तेच घडतं. शिवाय झाकणाखाली वाफ धरते, सेन्सरच्या तोंडावर थेंब साचतो आणि रिकामी टाकी भरलेली दिसते. पाइपमधून पडणारी धार त्याच्या टप्प्यात आली तरी तोच घोळ. त्यापेक्षा ए०२वायवाययूडब्ल्यू घ्या. त्याचा आंधळा पट्टा ३ सेंटिमीटरचाच आहे आणि तो यूएआरटीवर (साध्या सिरियल वायरीवर) आकडा देतो. तरीही त्याचं काम ‘६४ टक्के’ दाखवण्यापुरतंच ठेवा. ईएसपीहोममध्ये (ईएसपीचा प्रोग्रॅम बनवण्याचं सॉफ्टवेअर) सात वाचनांचा मीडियन (मधलं वाचन निवडणारा) फिल्टर लावला की एखादं वेडंवाकडं वाचन गळून जातं.

पंप थांबवण्याचं काम फ्लोट स्विचचं. दोन घ्या: गच्चीच्या टाकीत ‘भरली की उघडणारा’, खालच्या टाकीत ‘रिकामी झाली की उघडणारा’. दोन्ही सिरीजमध्ये जोडा, आणि रिले बोर्डाच्या कॉइलला जाणारा ५ व्होल्ट त्यांच्यातून फिरवून आणा. कुठलाही फ्लोट उघडला की परवानगी रिले सुटतो. मध्ये प्रोग्रॅम नाही, वायफाय नाही. पाण्यात २३० व्होल्टही उतरत नाहीत.

वायर किती लांब चालेल ते मोजता येतं. कॅट६ च्या एका तारेचा रोध मीटरला साधारण ०.०९ ओहम. गच्ची १५ मीटरवर असेल तर जाऊन-येऊन ३० मीटर, म्हणजे २.७ ओहम. ५ व्होल्टच्या रिलेची कॉइल ७० मिलिअँपिअर घेते, म्हणून वायरमध्ये ०.२ व्होल्टही पडत नाहीत. स्टार्टच्या सेकंदात दोन्ही रिले ओढलेले असतात, तेव्हा ०.४. कॉइलला ओढायला ३.७५ पुरतात.

---

बोर्ड_आणि_न्यूट्रल

अर्थिंग न्यूट्रल म्हणून अजिबात वापरू नका. आरसीसीबी (करंट अर्थकडे गळला की वीज तोडणारा स्विच) असेल तर मॉड्यूलचा करंट अर्थमध्ये जातोय हे त्याला दिसतं आणि ३० मिलिअँपिअरच्या आसपास तो पडतो, म्हणजे वीज तोडतो. पण खरा धोका आरसीसीबी नसलेल्या घरात आहे. तिथे सगळं सुरळीत चालतं. पुढे कधीतरी अर्थची वायर खड्ड्याजवळ गंजून तुटते, आणि मग त्या वायरला जोडलेल्या फ्रिजच्या, गिझरच्या पत्र्यावर फेज येतो. वायरमनला हे स्पष्ट सांगा, आणि तो ऐकत नसेल तर दुसरा वायरमन बघा.

शेजारच्या बोर्डातून न्यूट्रल आणताना तो कुठल्या सर्किटचा आहे ते तपासा. फेज एका आरसीसीबीखालचा आणि न्यूट्रल दुसऱ्याखालचा झाला की दोन्ही पडतात. इन्व्हर्टर असलेल्या घरात ही चूक फार होते, कारण एकाच बोर्डात एक फेज इन्व्हर्टरचा आणि एक थेट लाइनचा असतो.

न्यूट्रल नसलेल्या चार बोर्डांसाठी मार्ग असे. पाइपात जागा असेल तर १ चौरस मिलिमीटरची काळी वायर ओढून घ्या. हा सगळ्यात चांगला उपाय, आणि जुन्या घरातही बऱ्याचदा जमतो. ज्या बोर्डात प्लग पॉइंट आहे तिथे न्यूट्रल असतोच, ओढताना तिथूनच सुरुवात करा. वायर सरकतच नसेल तर न्यूट्रलशिवाय चालणारं झिगबी (वायफायसारखीच, पण कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत) मॉड्यूल, उदाहरणार्थ सोनऑफचं झेडबीमिनी-एल२. त्याची मर्यादा ६ अँपिअर, म्हणून दिव्यांपुरतंच. अशी मॉड्यूलं दिव्यातून थोडा करंट गळू देऊन स्वतः जगतात, त्यामुळे ५-७ वॉटचा एलईडी बंद असताना मिणमिणतो. दिव्याला समांतर बायपास कपॅसिटर लावला की ते थांबतं. आणि ही मॉड्यूलं झिगबीचा सिग्नल पुढे पोचवत नाहीत, म्हणून मध्ये एखादं न्यूट्रलवालं मॉड्यूल किंवा स्मार्ट प्लग लागेलच.

जिथे न्यूट्रल आहे तिथे ईएसपी३२ बसवताना वीजपुरवठ्याचा हिशोब आधी करा. एचएलके-पीएम०१ हा २३० व्होल्टवरून चालणारा छोटा पुरवठा ५ व्होल्ट ६०० मिलिअँपिअरचा. चार रिले ओढले की २८० गेले, आणि ईएसपी३२ वायफायवर बोलताना क्षणभर ५०० च्या आसपास जाऊ शकतो. बोर्ड ‘कधीकधी आपोआप रीस्टार्ट होतो’ म्हणणाऱ्यांचा दोष बहुतेक वेळा इथेच सापडतो. चार रिलेंना ५ वॉटचा एचएलके-५एम०५ घ्या आणि ईएसपीच्या जवळ ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. एचएलकेच्या आधी १ अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज, मग १४डी४७१ एमओव्ही (जादा व्होल्टेज अडवणारा भाग), हाच क्रम ठेवा. रोहित्रापासून येणारा न्यूट्रल सैल झाला की घरात ३००-४०० व्होल्ट येऊ शकतात. तेव्हा एमओव्ही शॉर्ट होतो आणि फ्यूज उडतो. फ्यूज नसेल तर एमओव्ही भिंतीच्या पेटीत पेटतो.

रिले बोर्डाबद्दल एक. स्वस्तातले बोर्ड ‘लो’ दिल्यावर ओढणारे असतात आणि ५ व्होल्टवर चालतात. ईएसपीचा ‘हाय’ मात्र ३.३ व्होल्टच. उरलेले १.७ व्होल्ट ऑप्टोकपलरचा (वायरीने न जोडता प्रकाशाने सिग्नल पलीकडे नेणारा भाग) एलईडी अर्धवट पेटवायला पुरतात, आणि रिले सुटत नाही. जेडी-व्हीसीसी या पिनचा (रिले कॉइलचा पुरवठा) जंपर काढा, व्हीसीसीला ३.३ द्या आणि जेडी-व्हीसीसीला ५. फ्लोटमधून फिरवायचा तो हाच ५ व्होल्टचा मार्ग.

पिन निवडताना ०, २, ५, १२, १५ टाळा, बूट होताना त्यांची पातळी महत्त्वाची असते. ३४ ते ३९ फक्त इनपुटसाठी आहेत, त्यांना आतला पुल-अपही (पिन एरवी ‘हाय’ ठेवणारा रोध) नाही.

भिंतीवरची बटणं ठेवायची तर त्यांवरचा २३० व्होल्टचा फेज पूर्ण काढावा लागेल. जुन्या बोर्डात एका स्विचवरून दुसऱ्यावर फेजचा लूप फिरवलेला असतो. ज्या स्विचचं काम ईएसपीकडे जाणार त्यांचा लूप कापा आणि स्विच ग्राउंड व पिन यांच्यात जोडा. बाहेरून १० किलोओहमचा पुल-अप आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर द्या, नाहीतर शेजारच्या वायरीतून येणाऱ्या गुणगुणण्याने रात्री-बेरात्री दिवे लागतात. एकाच प्लेटमध्ये एक स्विच ३.३ व्होल्टचा आणि शेजारचा २३० चा असं मात्र ठेवू नका. पुढे कुणी स्विच बदलायला येईल आणि सवयीने लूप मारेल. प्लेटच्या आत चिठ्ठी चिकटवा.

साध्या पंख्यांना ट्रायॅक डिमर (विजेची लाट कापून वेग कमी करणारा) नको, पंखा गुंगुं करतो. कपॅसिटर पद्धत घ्या: २.२ आणि ३.३ मायक्रोफॅरड, तीन रिले. पहिला वेग २.२ चा, दुसरा ३.३ चा, तिसरा दोन्ही मिळून, चौथा थेट. प्रत्येक कपॅसिटरला सिरीजमध्ये २.२ ओहम आणि समांतर २२० किलोओहम. वेग बदलताना आधी सगळे रिले बंद, अर्धा सेकंद थांबा, मग पुढचा. न थांबता बदललं तर भरलेला कपॅसिटर रिकाम्यावर ओतला जातो आणि रिलेचे काँटॅक्ट चिकटतात. थेटचा रिले आणि कपॅसिटरचे रिले एकाच वेळी लागू नयेत म्हणून ईएसपीहोममध्ये इंटरलॉक लावा.

बीएलडीसी पंख्यांना यातलं काहीच नको. त्यांना कायम पूर्ण २३० व्होल्ट द्या. रिमोट इन्फ्रारेडचा असेल तर त्याचे कोड ईएसपीने शिकून ३८ किलोहर्ट्झवर पाठवायचे. इन्फ्रारेड एलईडी थेट पिनवर लावला तर पल्ला एखाद-दोन मीटर मिळतो, म्हणून मध्ये २एन२२२२ ट्रान्झिस्टर.

---

गच्चीची_टाकी

मनापासून आभार. दोन रिलेंची रचना कागदावर काढून बघितली, समजली. आता दोन शंका. फ्लोट असताना पंप कोरडा चालण्यापासून वेगळं संरक्षण हवं का? आणि होम असिस्टंट बंद असेल तर ईएसपी आपलं काम करत राहील ना?

---

ईएसपीहोम_वाला

दुसरी शंका आधी, कारण इथे एक खोच आहे. ईएसपीहोममध्ये एपीआयचा (होम असिस्टंटशी असलेल्या जोडणीचा) रिबूट टाइमआउट मुळात १५ मिनिटांचा असतो. होम असिस्टंट १५ मिनिटं जोडलेलं नसेल तर ईएसपी स्वतःला रीस्टार्ट करतो. वायफायचंही तसंच. म्हणजे रास्पबेरी पाय बंद पडला की तुमचा परवानगी रिले दर १५ मिनिटांनी सुटणार, आणि पंप अर्ध्यावर थांबणार. दोन्ही टाइमआउट शून्य सेकंदांवर ठेवा.

‘पातळी कमी, पंप लाव’ हे ऑटोमेशनही होम असिस्टंटमध्ये लिहू नका, ईएसपीवरच लिहा. होम असिस्टंटने फक्त बघायचं, नोंद ठेवायची आणि निरोप द्यायचा. पंपाच्या दोन्ही स्विचना रिस्टोअर मोड ‘ऑलवेज ऑफ’, म्हणजे ईएसपी सुरू होताना दोन्ही बंदच. सोबत जास्तीत जास्त वेळेची मर्यादा: टाकी रिकामी असताना भरायला किती मिनिटं लागतात ते घड्याळ लावून मोजा आणि त्याच्या सव्वापट ठेवा. २८ मिनिटं लागत असतील तर ३५. ही मर्यादा संपून पंप थांबला तर पुन्हा आपोआप लावायचा नाही, माणसाने बघेपर्यंत अडवून ठेवायचा. खालचा फ्लोट उघडून थांबला असेल तर ३० मिनिटांनी पुन्हा प्रयत्न ठीक आहे.

कोरड्या पंपाबद्दल: हो, हवं. खालच्या टाकीत पाणी आहे पण फूटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या तळाचा एकमार्गी व्हॉल्व्ह) गळून सक्शन पाइपात हवा शिरली, तर फ्लोटला ते कळत नाही. पीझेडईएम-००४टी या वीज मोजणाऱ्या मीटरची सीटी कॉइल (वायरीभोवती बसणारी, करंट मोजणारी कडी) पंपाच्या फेजवर घाला. बरेच जण अँपिअर बघून पंप तोडतात. सिंगल फेज कपॅसिटर मोटारीत लोड गेल्यावर अँपिअर फारसे उतरत नाहीत, पॉवर फॅक्टर (करंटचा किती भाग खरं काम करतो ते प्रमाण) उतरतो. म्हणून वॉट बघा. पाणी नीट चढत असतानाचे वॉट नोंदवा आणि त्याच्या ७५ टक्क्यांच्या खाली सलग १० सेकंद राहिले तर थांबवा. सुरुवातीची १५-२० सेकंदं हा नियम लावायचा नाही, पाइप भरायला तेवढा वेळ जातो. गच्चीवरचा व्हॉल्व्ह कुणी बंद ठेवला असेल तर तेही याच नियमात सापडतं.

तोच मीटर व्होल्टेजही देतो. काँटॅक्टरची कॉइल ८५ टक्क्यांपर्यंत ओढते, म्हणजे २३० ची कॉइल १९५ व्होल्टपर्यंत. त्याखाली ती थरथरते आणि काँटॅक्ट जळतात. २०० च्या खाली पंप लावूच नका.

रास्पबेरी पायसाठी: एसडी कार्डावर चालवू नका, होम असिस्टंटचा रेकॉर्डर दर पाच सेकंदांनी लिहितो आणि कार्ड खाऊन टाकतो. यूएसबीवर १२० जीबीचा एसएसडी पुरतो. पीझेडईएमची दर सेकंदाची वाचनं पाठवू नका, ३० सेकंदांची सरासरी पाठवा. झिगबी डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टपासून एक मीटर एक्स्टेंशन केबलने दूर. त्या पोर्टांचा गोंगाट २.४ गिगाहर्ट्झवरच येतो आणि सेन्सर एकेक करून नाहीसे होतात. राउटरचं वायफाय चॅनेल १ वर पक्कं करा आणि झिगबी २० किंवा २५ वर. इन्व्हर्टरला मागे ‘यूपीएस’ मोडचं बटण असेल तर ते त्या मोडवर ठेवा. नाहीतर वीज जाता-येताच्या झटक्यात राउटर रीस्टार्ट होतो.

बाहेरून बघायचं तर राउटरमध्ये पोर्ट उघडू नका. आपल्याकडच्या बहुतेक जोडण्या सीजीनॅटमागे (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता) असल्याने ते चालतही नाही. टेलस्केल (खासगी व्हीपीएन) किंवा होम असिस्टंटची सशुल्क क्लाउड सेवा वापरा.

---

गच्चीची_टाकी

वॉटचं हे माहीत नव्हतं. शेवटचं: फ्लोटची वायर गच्चीवरून येणार. जून महिन्यात विजा पडतात तेव्हा त्या वायरीतून ईएसपी जाणार नाही का?

---

मोटार_आणि_स्टार्टर

थेट वीज पडली तर काही उरत नाही. जवळपास पडून वायरीत जो झटका येतो त्याच्यापासून वाचवता येतं. रिले बोर्डाच्या जेडी-व्हीसीसीसाठी वेगळा एचएलके लावा, आणि त्याचं ग्राउंड ईएसपीच्या ग्राउंडला जोडू नका. ईएसपीच्या बाजूने फक्त ३.३ व्होल्ट आणि दोन इनपुट वायरी जातील. मग फ्लोटची सगळी वायर ऑप्टोकपलरच्या पलीकडे राहते. झटका आला तर रिले बोर्ड जाईल, ईएसपी वाचेल. फ्लोटच्या दोन तारांमध्ये खालच्या टोकाला एक टीव्हीएस डायोड (क्षणिक झटका गिळणारा) टाका.

पातळीच्या सेन्सरची वायर मात्र खाली आणूच नका. त्याला गच्चीवरच आयपी६५ (धूळ-पाणी न शिरणाऱ्या) पेटीत दुसरा ईएसपी द्या, पेटी टाकीच्या उत्तर बाजूला सावलीत. स्लॅबमधून सिग्नल उणे ७५ डीबीएमपेक्षा वाईट येत असेल तर जिन्याच्या वरच्या वळणावर ॲक्सेस पॉइंट लागेल. कॅट६ काळ्या आवरणाची, बाहेर वापरायची घ्या. पेटीत शिरण्याआधी वायरीला खालच्या बाजूने एक झोळ ठेवा आणि ग्लँड (वायर आत घेणारं घट्ट बूच) पेटीच्या तळाला बसवा, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातच ठिबकेल.